यादृच्छिक म्हणजे ‘मनाला येईल तसा’ नव्हे

कोपरीच्या एका ताईंची मुलगी यंदा दहावीला आहे. संभाव्यतेच्या प्रकरणात ‘पेटीतून यादृच्छिक पद्धतीने एक चेंडू काढला’ अशा धर्तीची गणितं येतात. क्लासमध्ये या शब्दाची फोड ‘यद् + इच्छा’ अशी करून ‘मनाला येईल तसा’ असा अर्थ सांगितला. तो बरोबर आहे का, आणि ‘शक्यता’ हा साधा शब्द असताना ‘संभाव्यता’ कशाला, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, ती फोड चुकीची आहे, आणि नेमकी अशी चुकीची आहे की तिने गणितच उलटं होतं. यद् आणि इच्छा यांचा संधी ‘यदिच्छा’ होईल. मग ‘दृ’मधला ऋ कुठून आला? मूळ शब्द ‘यदृच्छा’. त्यात ‘ऋच्छ्’ धातू आहे, जाणे किंवा येऊन गाठणे या अर्थाचा. इच्छेचा तिथे संबंध नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अर्जुनापुढे ‘यदृच्छया’ उपस्थित झालेलं युद्ध आहे, म्हणजे न मागता समोर आलेलं. चौथ्या अध्यायात ‘यदृच्छालाभसंतुष्ट’ आहे, म्हणजे आपसूक जे मिळेल त्यात समाधानी असणारा. दोन्हीकडे माणसाने काही ठरवलेलं नाही, हाच अर्थाचा गाभा. श्वेताश्वतर उपनिषदात तर जगाच्या कारणांचा विचार करताना काळ, स्वभाव, नियती यांच्या रांगेत यदृच्छा येते. तिथे तिचा अर्थ सरळ ‘योगायोग’ असा आहे.

गणिताला हेच हवं असतं. मनाला येईल तसं काढायचं म्हटलं की निवडणाऱ्याचं मन मध्ये आलं. यादृच्छिक म्हटलं की ते बाजूला झालं.

आंब्याची पेटी घ्या. वाशीच्या घाऊक बाजारातून आणलेल्या पाच डझनांच्या पेटीत समजा ६० फळं आहेत आणि त्यांतली ६ डागी. यादृच्छिक पद्धतीने एक फळ काढलं तर ते डागी निघण्याची संभाव्यता ६/६०, म्हणजे १/१०. पुस्तकाच्या भाषेत नमुना अवकाशात (निघू शकणाऱ्या सगळ्या फळांच्या यादीत) ६० घटक, घटनेत (आपल्याला हव्या त्या, म्हणजे डागी फळांत) ६. एवढंच गणित. पण हा भागाकार करायचा अधिकार कधी मिळतो? ६० पैकी प्रत्येक फळ हाती येण्याची संधी सारखी असेल तेव्हाच. पुस्तकात यालाच ‘समसंभाव्य निष्पत्ती’ म्हणतात (निष्पत्ती म्हणजे निघू शकणारा एकेक निकाल), आणि मुलं नेमका हाच शब्द घोकून पुढे जातात. प्रत्यक्षात आपण झाकण उघडतो आणि वरच्या थरातलं फळ उचलतो. डागी सगळे खाली असतील तर ही संभाव्यता शून्य. डोळे मिटून तळापर्यंत हात घातला, तरी बोटांना मऊ फळ कळतं आणि हात आपोआप दुसरीकडे वळतो. म्हणून ‘डोळे झाकून’ हा आपला वाक्प्रचारही पुरा पडत नाही. प्रत्येक फळाला क्रमांक द्या, ६० सारख्या चिठ्ठ्या करा, नीट कालवा आणि निघेल त्या क्रमांकाचं फळ घ्या. हे यादृच्छिक.

तेच फळ परत न ठेवता दुसरं काढलं तर छेद ५९ होतो. दोन्ही डागी निघण्याची संभाव्यता ६/६० × ५/५९, म्हणजे १/११८. ‘परत न ठेवता’ हे तीन शब्द गणितात दिसले की मुलीला तिथेच थांबायला सांगा.

गल्ली क्रिकेटमधली ‘ओली की सुकी’ आठवते ना? चपट्या दगडाची एक बाजू थुंकीने ओली करून उडवायची. निष्पत्ती दोन, म्हणून प्रत्येकीची संभाव्यता १/२, असं बहुतेक जण धरून चालतात. दगड एका बाजूने फुगीर असेल तर दोन्ही बाजू सारख्या वेळा पडतीलच असं नाही. निष्पत्ती किती आहेत हे मोजणं आणि त्या सारख्या संभाव्य आहेत का हे पाहणं, ही दोन वेगळी कामं आहेत.

बोलीत या अर्थाच्या सगळ्यात जवळ जाणारा शब्द मला ‘सोडत’ वाटतो. सिडकोची किंवा म्हाडाची सोडत म्हटलं की अर्ज पहिल्या दिवशी भरला की शेवटच्या, ओळख आहे की नाही, यांनी फरक पडू नये ही अपेक्षा त्या शब्दातच आहे. मुलीला समजावताना ‘सोडतीने काढला’ म्हणा, चटकन कळेल.

आता शक्यता. ‘आज ठाण्यात पावसाची दाट शक्यता आहे’ हे उत्तम मराठी. ‘दाट संभाव्यता’ कोणी म्हणत नाही. शक्यता दाट असते, धूसर असते, नाकारता येत नाही. संभाव्यता ही ० ते १ यांच्यामधली एक संख्या असते. दोघींची कामं वेगळी आहेत, म्हणून दोन्ही शब्द हवेत. मात्र बातम्यांत हल्ली शक्यतेच्या जागी जी ‘संभावना’ येते ती हिंदीतून. मराठीत संभावना म्हणजे मानसन्मान. ‘संभावित गृहस्थ’ म्हणजे प्रतिष्ठित माणूस.

राहिलं लेखन. ‘यदृच्छिक’ नको. ‘इक’ लागला की पहिला स्वर वाढतो: समाज–सामाजिक, इतिहास–ऐतिहासिक, तसं यदृच्छा–यादृच्छिक. ‘च्छि’ ऱ्हस्व.