क्लासची फी भरण्याआधी मुलीला विचारले होते का?

प्रश्न : माझी मुलगी सातारा येथे सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षात शिकत आहे. दुसऱ्या वर्षी तिला ६२ टक्के गुण मिळाले. पिण्याच्या पाण्यातील जिवाणूंच्या तपासणीचे काम करायचे, असे तिने ठरवले आहे. बाटल्या भरण्यासाठी का मुलीला एवढे शिकवले, असे नातेवाईक विचारतात. शिवाय ते काम आता यंत्रेच करणार, असे ऐकतो. मी पुण्यातील एमपीएससीच्या क्लासची फी भरून टाकली आहे. तिची समजूत कशी घालावी?
– एक पालक

उत्तर : आपल्या पत्रात गुण आहेत, फी आहे, नातेवाईकही आहेत, परंतु हे काम तिला का करावेसे वाटते, याविषयी एकही वाक्य नाही. ६२ टक्क्यांची मला चिंता वाटत नाही. पदवीच्या शेवटच्या वर्षातील मुलीला न विचारता तिच्या पुढच्या वर्षांचा निर्णय घेतला जातो आणि नंतर तिची समजूत घालण्याचा उपाय विचारला जातो, याची मात्र फार वाटते. स्पर्धा परीक्षा ज्याला मनापासून द्यायची आहे त्याचीही ती कसोटी पाहते. वडिलांच्या शब्दाखातर अभ्यासिकेत बसलेली मुले पंचविशी उलटल्यावर ना पद ना पदव्युत्तर पदवी अशा अवस्थेत माझ्यासमोर येतात, तेव्हा त्यांना काय सांगावे हे मला सुचत नाही. त्यामुळे समजूत कशी घालावी हे मी सांगणार नाही. फी परत मिळत असेल तर घ्यावी, मिळत नसेल तर सोडून द्यावी. भरलेले पैसे हे तिने तिकडे जाण्याचे कारण होऊ शकत नाही.

आता ‘बाटल्या भरण्या’विषयी. नळाचे तोंड निर्जंतुक करून, पाणी दोन-तीन मिनिटे वाहू देऊन नमुना घेतात, हे खरे. पण त्या बाटलीत आधीपासून सोडियम थायोसल्फेट असावे लागते. ते नसेल तर पाण्यातील क्लोरीन वाटेतही जिवाणू मारत राहते आणि दूषित नळाचा अहवाल ‘पिण्यास योग्य’ असा येऊ शकतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानक १०५०० नुसार १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा विष्ठेतून येणारा जिवाणू आढळताच कामा नये. परंतु नेहमीच्या पद्धतीत जिवाणू वाढून दिसायला साधारण एक दिवस लागतो, आणि तोवर ते पाणी लोकांच्या पोटात गेलेले असते. म्हणूनच कोणत्या नळाचा नमुना किती वाजता घ्यायचा, हे ठरवण्यात या कामाचे खरे कसब आहे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पाणी ठरावीक वेळीच सुटते. पुरवठा बंद झाला की जलवाहिनीतील दाब उतरतो आणि गळक्या सांध्यांमधून बाहेरचे पाणी, प्रसंगी शेजारच्या गटाराचेसुद्धा, आत शिरते. पाणी सुटल्यावर पहिल्या काही मिनिटांत ते नळाला येते. नेमके तेच पाणी आपण नियमाप्रमाणे वाहू देतो, आणि मग नमुना घेतो. हुबळी-धारवाड येथे एमिली कुम्पेल आणि कारा नेल्सन यांनी केलेल्या अभ्यासात चोवीस तास पाणी असलेल्या भागांपेक्षा खंडित पुरवठ्याच्या भागांतील नळांना विष्ठेचे प्रदूषण दाखवणारे असे निर्देशक जिवाणू अधिक वेळा आढळले होते. जलशुद्धीकरण केंद्रातील अहवाल निर्दोष असूनही शेवटच्या गल्लीत कावीळ का पसरते, याचे एक कारण येथे आहे.

यंत्रांचे म्हणाल, तर वाहिन्यांवर बसवलेले संवेदक प्रामुख्याने क्लोरीन, गढूळपणा, विद्युतवाहकता यांसारख्या गोष्टी मोजतात. क्लोरीन एकाएकी घटले हे ते सांगतील. ते फुटलेल्या सांध्यामुळे घटले, वाहिनीच्या आतल्या जिवाणूंच्या थरामुळे की पाण्यात टाकायची टीसीएल ही क्लोरीनची पावडर कमी पडल्यामुळे, हे शोधायला जाणकार माणूसच लागतो. २०२५ च्या आरंभी पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात गुलेन बारी सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनाय हा जिवाणू आढळला. पाण्याच्या नेहमीच्या तपासणीत हा जिवाणू कोणी शोधतच नाही.

आणि हे काम हलके आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी कॅनडातील वॉकरटन या गावाची हकिगत वाचावी. मे २००० मध्ये तेथील नळाच्या पाण्यातून ई. कोलाय पसरला, ७ माणसे दगावली आणि सुमारे २,३०० आजारी पडली. पाणीपुरवठा सांभाळणारे कर्मचारी परीक्षा न देताच, केवळ अनुभवाच्या आधारावर प्रमाणपत्र मिळवलेले होते. ते क्लोरीनच्या खोट्या नोंदी करत असत, आणि प्रयोगशाळेने दूषित नमुन्यांचा अहवाल दिल्यावरही त्यांच्या प्रमुखाने तो आरोग्य विभागापासून लपवला. अशा जागी आपल्या मुलीसारखी शिकलेली, मनापासून आलेली माणसे हवीत, असे मला कळकळीने वाटते.

एम.एस्सी., गेट व नेट या परीक्षा, नागपूरची नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था, जिल्ह्यांतील पाणी तपासणी प्रयोगशाळा, प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएल या मंडळाची मान्यता असलेल्या खासगी प्रयोगशाळा हे मार्ग तिला महाविद्यालयातच कळतील. खासगी प्रयोगशाळेत सुरुवातीचा पगार बेताचा असतो आणि सरकारी जागा नियमित निघत नाहीत, हे मात्र तिने आधीच जाणून असावे.

तिच्यासाठीही एक स्पष्ट सूचना. केवळ सूक्ष्मजीवशास्त्रावर या क्षेत्रात फार पुढे जाता येणार नाही. पाण्याचा दाब, वाहिन्यांचे जाळे आणि संख्याशास्त्र तिला शिकावे लागेल. शेवटच्या सत्राच्या प्रकल्पासाठी तिने पाणीपुरवठा विभागाची परवानगी घेऊन एकाच टाकीवरचे तीन नळ निवडावेत : टाकीजवळचा, मधला आणि शेवटचा. प्रत्येक नळाचा एक नमुना पाणी सुटताक्षणी आणि दुसरा अर्ध्या तासाने घ्यावा, जागेवरच पाण्यात उरलेले (अवशिष्ट) क्लोरीन मोजावे, आणि आठवड्यातून एकदा याप्रमाणे दोन महिने नोंदी ठेवाव्यात. हे काम करताना तिचा उत्साह टिकला, तर एम.एस्सी.चा अर्ज भरावा; ओसरला, तर पुढे काय करायचे ते तिने ठरवावे आणि आपण ते ऐकून घ्यावे.