लढाई आटपत नाही? आधी डीएमचे (खेळ चालवणाऱ्याचे) फासे कमी करा

तुम्ही लिहिलंय की डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये, म्हणजे फासे टाकून पात्रं खेळवायच्या खेळात, सहा गोब्लिनांची (छोट्या राक्षसांची) एक लढाई तीन तास चालली, दोघं मोबाईलमध्ये शिरले आणि आता बोनस अ‍ॅक्शन (पाळीतली जादा कृती), अपॉर्च्युनिटी अटॅक (जवळून निसटणाऱ्यावर फुकटचा वार) सगळं काढून टाकायचा विचार आहे. अहो, तेच काढू नका! आमच्या ग्रुपचं अगदी असंच झालं होतं म्हणून लिहितोय. इनिशिएटिव्ह (कुणाची पाळी आधी ते ठरवणारा फासा), आर्मर क्लास (वार लागायला किती आकडा हवा ते) वगैरे माहीत आहे असं धरतो, आणि आकडे 2014 च्या पाचव्या एडिशनचे आहेत, तुमची सिस्टिम वेगळी असेल तर जुळणार नाहीत.

अपॉर्च्युनिटी अटॅक काढला की गोब्लिन फायटरच्या बाजूने पळत सरळ विझार्डवर जातात, मग फायटरने अडवायचं कशाच्या जोरावर? वेळ खातो तो डीएम. सहा इनिशिएटिव्ह, सहा वेळा डी20 (वीस बाजूंचा फासा), वार लागला की परत डॅमेजचा डी6 (सहा बाजूंचा) अधिक 2, आणि तोवर बाकीचे बसलेत. डॅमेज टाकूच नका, स्टॅट ब्लॉकमध्ये (राक्षसाच्या आकड्यांच्या चौकटीत) सरासरी 5 छापलेली असते ती घ्या. इनिशिएटिव्ह गटाला एक. पण पहिल्या लेव्हलला सहाही एकदम खेळवू नका हं, विझार्डचे हिट पॉइंट (किती मार सोसतो ते) सात-आठ, दोन बाण लागले की आडवा, तेही त्याची पाळी यायच्या आत. तीन-तीनचे दोन गट करा.

आणि मोराल (राक्षसांचा धीर) वापरा. याच खेळाच्या 1981 च्या बेसिक आवृत्तीतला नियम आहे, त्यांच्यातला पहिला मेला की एकदा आणि निम्मे पडले की एकदा दोन डी6 टाकायचे, गोब्लिनचा आकडा 7, त्याच्यावर आलं की ते पळतात. म्हणजे दर वेळी 40 टक्क्यांच्या आसपास चान्स. निकाल लागलेला असताना उरलेले दोन मारत बसायला जो वेळ जातो तो वाचतो.

आम्हाला सगळ्यात महाग पडलं ते मात्र वेगळंच. पुण्यातच एका ठिकाणी, नाव घेत नाही, तासावर पैसे घेऊन टेबल चालवायचे. चालवणाऱ्याने ‘सोपे नियम’ म्हणून स्वतःची फाइल केलेली, कुठे लागलं त्याचा तक्ता, डी20 वर एक पडला तर काय बिघडलं त्याचा तक्ता, वर दर राउंडला नवीन इनिशिएटिव्ह. आमच्यातली एक भोसरीहून बस बदलून यायची. तिने खंजीर मारला, एक पडला, तक्त्यात आलं ‘धनुष्याची दोरी तुटली’. तिच्याकडे धनुष्यच नव्हतं. आता परत फासा टाकायचा का, यावर हा माणूस फाइल चाळत बसला आणि पैसे चालूच. तक्ते काढा म्हणालो तर उत्तर काय, आमच्याकडे असंच चालतं. पुढच्या रविवारी ती आली नाही, मग आणखी एक गळला, ग्रुप मोडला. पैशांचं एक वेळ सोडा, इतक्या लांबून हौसेने येणारं माणूस गेलं याचा मला अजून राग येतो. त्यामुळे माझं मत कडक आहे, घरगुती तक्ता एकही नको, आणि पैसे भरून खेळणार असाल तर एका हल्ल्याला किती फासे पडतात ते आधी विचारा. सगळीकडे असंच असतं असं म्हणत नाही.

बाकी, मिनिएचरवर खर्च नको, अप्पा बळवंत चौकातून चौकटीची वही आणि घरातल्या कॅरमच्या सोंगट्या पुरतात. डी20 आणि डॅमेजचा फासा खेळाडूंना एकत्रच टाकायला सांगा. आणि एकाची पाळी सुरू झाली की पुढच्याचं नाव मोठ्याने घ्या, म्हणजे तो मोबाईल ठेवून स्पेल शोधायला लागतो.