फोर्डची मॅव्हरिक हायब्रिड पिकअप घेतलीत? सुरुवातीला एवढं सांभाळा

अभिनंदन! सिग्नलला इंजिन बंद झालं की पहिले काही दिवस छातीत धस्स होतं. तो बिघाड नाही, हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली गाडी) अशीच चालते. फक्त तिथे गिअर 'एन'वर (न्यूट्रल) टाकू नका, त्यात मोटरची मोठी बॅटरी चार्ज होत नाही. थंडीत हीटरसाठी इंजिन जास्त चालतं, मायलेज उतरतं, घाबरू नका.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- ब्रेक उशिरा, जोरात दाबणं. लांबूनच हलका दाबा, ऊर्जा बॅटरीत परत जाते.
- गाडी आठवडेच्या आठवडे उभी ठेवणं. साधी १२ व्होल्टची बॅटरी उतरली तर अख्खी गाडी ढिम्म! जंप केबल (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला जोडून आपली सुरू करायची वायर) जवळ ठेवाच.
- सामान भरताना माणसांचं वजन विसरणं. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर जास्तीत जास्त वजनाचा जो आकडा असतो, त्यात तुम्हीही आलात.

ट्रेलर ओढायचं नंतर बोलू.