हातात बसलेली गिटार: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

तुमची आवडती गिटार कोणती आणि ती वाजवताना नेमकं काय आवडतं, असं मागच्या अंकात विचारलं होतं. पत्रं भरपूर आली. बहुतेकांत आवडीच्या मागोमाग एखादी अडचणही होती. त्यातले सहा प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न: दुकानात स्ट्रॅटोकास्टर आणि लेस पॉल अशा दोन्ही घाटांच्या गिटारी वाजवून पाहिल्या. दोन्हींना १० नंबरच्या (सर्वांत बारीक तार ०.०१० इंच जाड) तारा होत्या. तरी लेस पॉलवर तार सहज खेचली जात होती, स्ट्रॅटवर जोर लागत होता. हा माझा भ्रम आहे का? (नाशिक)

भ्रम नाही, तुमच्या बोटांना बरोबर कळलं. नट (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) ते सॅडल (ब्रिजवर तार जिथे टेकते तो भाग) एवढी तारेची जी लांबी कंप पावते तिला स्केल म्हणतात. स्ट्रॅटचं स्केल २५.५ इंच, म्हणजे ६४८ मिलिमीटर. लेस पॉलचं साधारण २४.७५ इंच, म्हणजे ६२९ मिलिमीटर. तार तीच आणि स्वरही तोच असेल, तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. हिशेब केला तर लेस पॉलवर ताण सुमारे ६ टक्के कमी भरतो. शिवाय पहिला फ्रेट (मानेवरची आडवी धातूची पट्टी) स्ट्रॅटवर नटपासून ३६.४ मिलिमीटरवर असतो, लेस पॉलवर ३५.३ वर. एवढ्याशा फरकानेही लहान हाताला पहिल्या फ्रेटवरचा एफ कॉर्ड सोपा जातो.

आवाजातला फरक मुख्यतः पिकअपचा, म्हणजे तारेचा कंप टिपणाऱ्या चुंबकी वेटोळ्यांचा. १९५४ साली आलेल्या स्ट्रॅटवर तीन सिंगल कॉइल (एका वेटोळ्याचे पिकअप) आहेत. लेस पॉल १९५२ ची, पण तिला हंबकर (दोन वेटोळ्यांचे पिकअप) मिळाले १९५७ मध्ये. सिंगल कॉइलमध्ये तार छेडल्याचा 'टण्' स्वच्छ ऐकू येतो, हंबकरमध्ये स्वर जाड आणि गोल होतो. स्ट्रॅटची कड पोटाशी आणि हाताखाली घासून उतरती केलेली असते, त्यामुळे ती अंगाला चिकटून राहते. लेस पॉलच्या महोगनीवर मेपलचा थर असतो आणि ती चार किलोच्या पुढे सहज जाते. उभं राहून तासभर वाजवणार असाल तर पट्टा किमान तीन इंच रुंद घ्या.

कोणती घ्यावी? सुरावर थांबून तार खेचत गाणारे सोलो आवडत असतील तर छोटं स्केल. कॉर्डमधला प्रत्येक स्वर वेगळा ऐकू यावा असं वाटत असेल तर स्ट्रॅट. आणि आवडती गिटार जशी मिळाली तशीच ठेवायला हवी असंही नाही. पिंक फ्लॉइडचे गिटारवादक डेव्हिड गिलमोर यांची काळी स्ट्रॅट २०१९ च्या लिलावात ३९,७५,००० डॉलरना गेली. तिची मान अनेकदा बदललेली होती, ट्रेमोलोचा (स्वर थरथरवायचा) दांडा कापून आखूड केला होता आणि नेक व ब्रिजचे पिकअप एकत्र लागावेत म्हणून एक छोटा स्विच बसवला होता. त्यांनी गिटार आपल्या हाताला जुळवून घेतली. तुम्हीही तेच करा.

प्रश्न: माझी ॲकॉस्टिक उन्हाळ्यात लोण्यासारखी वाजते. जुलै आला की तारा इतक्या उंच जातात की बारे कॉर्ड (एकाच बोटाने सगळ्या तारा दाबायचा) पकडवत नाही. ट्रस रॉड फिरवू का? (रत्नागिरी)

आधी मोजा, मग पाना हातात घ्या. कोकणात पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते. गिटारला ४५ ते ५५ टक्के मानवते. समोरची पातळ स्प्रूसची फळी ओल पिऊन रेषांच्या आडव्या दिशेने फुगते, ब्रिजच्या मागे पोट येतं, ब्रिज वर उचलला जातो आणि त्याबरोबर तारा. हा फुगा ट्रस रॉडने (मानेतल्या धातूच्या सळीने) बसत नाही, कारण रॉड फक्त मानेचा बाक बदलतो.

म्हणून दोष मानेत आहे की पोटात, हे वेगळं करा. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, जाड ई तार १४ व्या फ्रेटवर दाबा आणि सातव्या फ्रेटवर तार व फ्रेट यांतली फट फीलर गेजने (मापाच्या पातळ पात्यांनी) पाहा. ०.२ ते ०.२५ मिलिमीटर असेल तर मान ठीक आहे, तिला हात लावू नका. फट याहून जास्त असेल तरच रॉड घड्याळाच्या दिशेने पाव फेरा, पुन्हा ट्यूनिंग, पुन्हा मोजमाप. रॉड अडला तर जोर करू नका. रॉडच्या टोकाच्या, पान्याने फिरवायच्या नटाचे कोपरे झिजले की पुढचं काम फार महागात जातं.

मान ठीक असूनही १२ व्या फ्रेटवर जाड तार ३ मिलिमीटरच्या वर असेल, तर ते पोट आहे. यावर आमच्या मते सर्वांत चांगला उपाय दोन सॅडल ठेवण्याचा. मूळ सॅडल मुळीच घासू नका. हाडाचं दुसरं करून घ्या आणि त्याचा तळ सपाट घासत पावसाळ्यापुरतं बुटकं करा. १२ व्या फ्रेटवर तार अर्धा मिलिमीटर खाली हवी असेल तर सॅडलवरून एक मिलिमीटर काढावा लागतो, कारण १२ वा फ्रेट तारेच्या मध्यावर आहे. जाड तार २.४ ते २.६ आणि बारीक १.८ ते २.० मिलिमीटरवर आली की पुरे. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की मूळ सॅडल परत बसवा, नाहीतर तारा फ्रेटवर घासायला लागतील.

बाकी वेळ गिटार भिंतीवर न टांगता केसमध्ये ठेवा. आत १०० ग्रॅम नारंगी सिलिका जेल कापडी पुरचुंडीत आणि एक छोटा हायग्रोमीटर. दाणे हिरवे पडले की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास तापवून पुन्हा वापरा. काटा ४५ च्या खाली गेला तर पुरचुंडी काढून घ्या. अति कोरडेपणाने फळी चिरते.

एक तपासणी मात्र आजच करा. ब्रिजच्या मागच्या कडेखाली साधा कागद सरकवून पाहा. कागद आत गेला तर सरस सुटतोय. तारा लगेच सैल करा आणि कारागिराकडे न्या.

प्रश्न: स्टीव्ही रे वॉन माझे दैवत. त्यांच्यासारख्या १३ नंबरच्या तारा माझ्या स्ट्रॅटवर चढवल्या. बोटं सोलली, ब्रिज मागून उचलला गेला, आणि ट्यूनिंग करताना नटवर 'टक्' आवाज येऊन स्वर एकदम उडी मारतो. (पुणे)

अमेरिकन ब्लूज गिटारवादक वॉन यांची 'नंबर वन' ही १९६० च्या दशकाच्या सुरुवातीची स्ट्रॅट अर्धा स्वर उतरवलेली असे. सहावी तार ई ऐवजी ई फ्लॅट. ही गोष्ट सुटली की सगळं गणित चुकतं. अर्धा स्वर उतरवला की ताण ११ टक्के कमी होतो. तरीसुद्धा त्यांची १३ ची तार, नेहमीच्या ट्यूनिंगमधल्या १० पेक्षा सुमारे दीडपट ताणाची भरते. तुम्ही १३ पूर्ण ई वर चढवल्या, तिथे ताण जवळपास १.७ पट झाला. बोटं सोलणारच.

तुम्हाला ११ चा संच आणि ई फ्लॅट ट्यूनिंग सुचवतो. बारीक तारेवर ताण १० च्या मानाने फक्त ८ टक्के जास्त राहतो आणि जाड तारेचा भरदार ठोका मिळतो. आता गिटार तिला जुळवा. मागचं झाकण काढलं की स्प्रिंगचा पंजा दोन लांब स्क्रूंवर दिसेल. दोन्ही स्क्रू अर्धा-अर्धा फेरा आत घ्या, ट्यूनिंग करा, पाहा. ब्रिजची मागची कड बॉडीपासून सुमारे ३ मिलिमीटरवर येईपर्यंत हेच. दर वेळी ट्यूनिंग करूनच मोजायचं, नाहीतर आकडा खोटा येतो.

नटवरचा 'टक्' म्हणजे जाड तार अरुंद खाचेत अडकून सुटतेय. खाच तारेच्या जाडीच्या नट-फाइलने किंचित रुंद करा, खोल नको. मग २बी पेन्सिलचं शिसं खाचेत घासा. खुंटीवर बारीक तारेचे दोन-तीनच वेढे ठेवा. शेवटी इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर लागणं: १२ व्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला नुसता स्पर्श करून काढलेला स्वर) आणि दाबलेला स्वर ट्यूनरवर ताडून पाहा. दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे, उतरा असेल तर नटच्या दिशेने पुढे.

प्रश्न: मुलगी ९ वर्षांची, डावखुरी. उजव्या हाताची गिटार उलटी करून चालेल का? जिमी हेंड्रिक्स तसंच करत ना? (कोल्हापूर)

हेंड्रिक्स उजव्या हाताची स्ट्रॅट उलटी धरून तारांचा क्रम बदलत. स्ट्रॅटला सहा तारांची सहा वेगळी सॅडल असतात, म्हणून सूर पुन्हा जुळवता येतो. स्टीलच्या तारांच्या ॲकॉस्टिकचं सॅडल तिरकं चिकटवलेलं असतं आणि आतल्या पट्ट्याही एका बाजूला झुकलेल्या असतात. उलटी केली की वरच्या फ्रेटवर ती बेसूर बोलते. मुलीसाठी तीन-चतुर्थांश आकाराची, नायलॉन तारांची क्लासिकल घ्या. तिचं सॅडल बहुतेक वेळा सरळ असतं, त्यामुळे फक्त नट बदलून ती डावखुरी करता येते. पण आधी आठवडाभर उजव्या हाताची तिला तशीच वाजवू द्या. काही डावखुऱ्या मुलांना तीच सोयीची वाटते, आणि मग पुढे वर्गात कोणाचीही गिटार हातात घेता येते.

प्रश्न: माझ्या टेलिकास्टरवर जीव आहे, पण ॲम्प लावला की सतत 'घूं' ऐकू येतं. (ठाणे)

सिंगल कॉइल घरातल्या विजेचं चुंबकीय क्षेत्रही पकडतं. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ५० आणि १०० हर्ट्झची घरघर. हंबकरमध्ये उलट गुंडाळीची आणि उलट ध्रुवांची दोन वेटोळी ती एकमेकांत मिटवतात. जागेवर बसून हळूहळू गोल फिरा; एका दिशेला आवाज पडतो. डिमर, पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, लॅपटॉपचे चार्जर बंद करून पाहा. स्विच मधोमध ठेवा. बऱ्याच नव्या टेलिकास्टरमध्ये एक पिकअप उलट गुंडाळीचा असतो, तिथे घरघर जाते. उरलेल्या चरचरीसाठी आतल्या खोबणीला तांब्याची टेप लावून ती अर्थला जोडा. टेप जॅकच्या टोकाच्या पातीला टेकू देऊ नका, नाहीतर गिटार मुकी होईल.

तारेला हात लावल्यावर घरघर कमी होणं ठीकच आहे. झिणझिण्या आल्या तर मात्र गिटार लगेच खाली ठेवा, ॲम्पचा प्लग काढा आणि घरच्या अर्थिंगची तपासणी करून घ्या. तीन पिनांचा ॲम्प दोन पिनांच्या ॲडॅप्टरवर कधीही लावू नका.

प्रश्न: आमच्या गावात तंबोऱ्याची जवारी काढून घ्यायला लोक लांबून येतात. माझ्या गिटारची पहिली तार मोकळी छेडली की तशीच झणझणते, बोट ठेवलं की थांबते. तंबोऱ्यात जो गुण, तो गिटारमध्ये दोष का? (मिरज)

फार सुंदर प्रश्न आहे. तंबोऱ्याची घोडी (ब्रिज) रुंद आणि किंचित बाकदार असते. कंप पावणारी तार तिला हळूहळू टेकत-सुटत जाते आणि वरचे स्वरांश एकामागून एक उमलतात. तारेखालचा सुती दोरा, म्हणजे जीव, सरकवून ती जागा नेमकी साधतात. गिटारला फ्रेट आहेत, आणि प्रत्येक फ्रेटचा स्वर अचूक यायचा तर तार एकाच धारदार बिंदूवरून सुटली पाहिजे.

तुमच्या गिटारमध्ये नटच्या खाचेचा तळ सपाट झालाय किंवा उतार उलटा पडलाय, म्हणजे तिथे एक बारीकशी घोडीच तयार झाली आहे. बोट ठेवलं की तार नटऐवजी फ्रेटवरून सुटते, म्हणून आवाज थांबतो. सगळ्या फ्रेटवर झणझण असती तर हाच दोष सॅडलवर शोधला असता. भिंग घेऊन खाच पाहा: सर्वांत उंच जागा फ्रेटबोर्डच्या कडेला हवी आणि तिथून खुंट्यांकडे उतार.

घासण्याआधी तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून पहिल्या फ्रेटवरची फट पाहा. कागद जेमतेम जाईल एवढी असेल तर मागचा उतार काढून घ्या, पुढची कड तशीच ठेवा. फट मुळीच नसेल तर खाच जास्त खोल गेली आहे. तिच्यात चिमूटभर खायचा सोडा दाबा, वर सुपर ग्लूचा एक थेंब टाका. क्षणात दगडासारखं घट्ट होतं. वाफ डोळ्यांत जाऊ देऊ नका. मग ०.०१२ इंचाच्या फाइलने नवी खाच उतरती काढा आणि दर तीन-चार घासांनंतर तार बसवून ऐका.

आणि ती झणझण मनापासून आवडत असेल, तर १९६७ मध्ये बाजारात आलेली कोरल इलेक्ट्रिक सितार ऐका. विनी बेल यांच्या कल्पनेतून आलेल्या या गिटारला मुद्दाम रुंद, सपाट ब्रिज दिला होता. तुमच्या गावच्या कारागिरांना तो दाखवला तर ते बोट फिरवूनच सांगतील, तार कुठे टेकते आणि कुठे सुटते.