पुस्तक दोनदा वाचले, तरी छायाचित्रे सुधारत नाहीत

प्रश्न : वर्षभरापूर्वी मी कॅमेरा घेतला आणि त्याबरोबर छायाचित्रण शिकवणारे एक जाडजूड पुस्तकही घेतले. छपाई देखणी आहे, छायाचित्रे पाहत राहावीत अशी आहेत आणि प्रत्येकाखाली अ‍ॅपर्चर (लेन्समधील छिद्राचा आकार), शटर स्पीड (प्रकाश किती वेळ आत येतो) व आयएसओ (सेन्सर किंवा फिल्मची प्रकाशाला संवेदनशीलता) यांचे आकडे दिले आहेत. पुस्तक दोनदा वाचून झाले, तरी माझी छायाचित्रे होती तिथेच आहेत. दोष माझा की पुस्तकाचा? आणि पुढचे पुस्तक शिकणाऱ्याच्या कामाचे आहे की नाही, हे घेण्यापूर्वी कसे ओळखावे?

उत्तर : जाडजूड पुस्तक दोनदा वाचणारा माणूस चिकाटीत कमी पडला, असे कोणी म्हणणार नाही. दुखणे कुठे असावे, याचा अंदाज मला आपण केलेल्या आकड्यांच्या उल्लेखावरून आला. समजा, एका छायाचित्राखाली ‘एफ ८, १/१२५ सेकंद, आयएसओ १००’ असे छापले आहे. हे आकडे त्या जागी, त्या क्षणी असलेल्या उजेडाचे आहेत आणि तो उजेड आपल्याकडे नाही. तेच आकडे लावून आपण संध्याकाळी घरात छायाचित्र काढलेत, तर ते जवळजवळ काळेच येईल. शिवाय तेवढाच प्रकाश एफ ५.६ आणि १/२५० सेकंद, किंवा एफ ४ आणि १/५०० सेकंद, या जोड्यांनीही मिळाला असता. मग छायाचित्रकाराने एफ ८ का निवडले? मागची टेकडीही स्पष्ट दिसायला हवी होती म्हणून, की धावणाऱ्या मुलाचे पाय किंचित धूसर यायला हवे होते म्हणून? हे कारण ज्या पुस्तकात लिहिलेले नाही, त्यातील आकडे कितीही अचूक असले, तरी शिकणाऱ्याच्या पदरी काही पडत नाही. प्रकरण वाचून पुस्तक मिटल्यावर, पुस्तकात कुठेही नसलेल्या उजेडात, वाचकाला स्वतःचा निर्णय घेता आला, तरच ते पुस्तक शिकवते, असे मी मानतो.

नवे पुस्तक हाती आले, की मी आधी प्रकाशमापनाचे प्रकरण उघडतो. कॅमेऱ्यातील मीटर मुळात एवढाच हिशेब करतो, की समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे उतरावे. हे वाक्य बहुतेक पुस्तकांत असते, परंतु चांगले पुस्तक तिथे थांबत नाही. ते वाचकाला एक पांढरी चादर आणि एक काळे कापड एकाच उजेडात ठेवायला सांगते आणि प्रत्येक कापडाने चौकट पूर्ण भरेल इतक्या जवळून, ऑटो एक्स्पोजरवर (म्हणजे प्रकाश किती घ्यायचा हे कॅमेऱ्यावर सोडून), एकेक छायाचित्र काढायला लावते. दोन्ही छायाचित्रे जवळजवळ सारखीच करडी येतात. मग चादरीसाठी दीड ते दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) प्रकाश वाढवायचा आणि कापडासाठी तो कमी करायचा, की पांढरे पांढरे आणि काळे काळे दिसू लागते. दहा मिनिटांच्या या कामानंतर बर्फात किंवा पांढऱ्या भिंतीपुढे उभ्या असलेल्या माणसाचे छायाचित्र काळपट का येते, हे कोणी निराळे समजावून सांगावे लागत नाही. असे हाताला काम देणारी पाने पुस्तकात किती आहेत, ते मोजून पाहावे.

दुसरी खूण अ‍ॅपर्चरच्या आकड्यांत सापडते. १.४, २, २.८, ४, ५.६, ८ ही माळ पाठ करायला सांगणारी पुस्तके पुष्कळ आहेत. हा आकडा म्हणजे लेन्सच्या नाभीय अंतराला (फोकल लेंग्थ, लेन्सवर मिमीमध्ये लिहिलेला आकडा) छिद्राच्या व्यासाने भागून आलेले उत्तर, एवढे सांगितले तरी माळेचा अर्थ लागतो. ५० मिमीच्या लेन्सवर एफ ४ ला छिद्र १२.५ मिमी असते आणि एफ २ ला २५ मिमी. व्यास दुप्पट झाला की क्षेत्रफळ चौपट होते, म्हणून या दोहोंत एक नव्हे तर दोन स्टॉपचे अंतर आहे. आकडा लहान असताना छिद्र मोठे कसे, हा प्रत्येक नवशिक्याला छळणारा प्रश्नही याच भागाकाराने सुटतो. लेखकाला तो प्रश्न आठवला असेल, तर आपण कधीकाळी काय समजत नव्हते, हे तो विसरलेला नाही. शिकवणाऱ्यामध्ये हा गुण मला सर्वांत मोलाचा वाटतो.

लेन्सच्या प्रकरणात ‘लांब पल्ल्याची लेन्स अंतरे दाबून टाकते’ असे विधान असेल, तर त्यापुढची ओळ अवश्य वाचावी. वस्तूंच्या आकारांचे परस्परांशी दिसणारे प्रमाण आपण किती अंतरावर उभे आहोत यावरून ठरते, लेन्सवरून नव्हे. त्याच जागेवरून रुंद कोनाच्या लेन्सने काढलेल्या छायाचित्राचा मधला तुकडा कापून मोठा केला, तर मागचे डोंगर माणसाच्या तितकेच पाठीशी आलेले दिसतात. हे सांगणारे पुस्तक वाचकाला लेन्स बदलण्याआधी चार पावले मागेपुढे चालायला शिकवते.

छापील चित्रांचा आकारही पाहावा, कारण या गोष्टीकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. अ‍ॅपर्चर बदलल्याने पार्श्वभूमी किती धूसर होते, हे दाखवणारी चित्रे तिकिटाएवढी छापली, तर सर्वच चित्रे सारखीच स्पष्ट दिसतात, कारण लहान आकारात थोडा धूसरपणा डोळ्याला जाणवत नाही. आणि पुस्तकात फसलेली छायाचित्रे आहेत का, हेही पाहावे. हललेले, फोकस डोळ्यांऐवजी कानावर गेलेले, आकाश पांढरेफटक पडलेले छायाचित्र आणि शेजारी तेच दृश्य सुधारून काढलेले, अशी एक जोडी दहा देखण्या चित्रांपेक्षा जास्त शिकवून जाते.

आपल्याकडचे पुस्तक मात्र टाकून देऊ नये. त्यातील एक छायाचित्र निवडा, खालचे आकडे कागदाने झाका आणि सावलीवरून उजेड कुठून येतो आहे, काय स्पष्ट आहे, काय धूसर आहे, हे पाहून अ‍ॅपर्चर व शटर स्पीडचा अंदाज स्वतः लिहून काढा. कागद त्यानंतरच उचला.

प्रश्न : घरात फिल्मच्या काळातील एक पुस्तक आहे. डिजिटल कॅमेरा वापरणाऱ्याने ते वाचावे का?

उत्तर : अवश्य वाचावे. उजेड, छिद्र, अंतर आणि चौकट यांविषयीची प्रकरणे जुनी होत नाहीत. उलट मेनूतील बटणांची माहिती देणारी अलीकडची पुस्तकेच नवे मॉडेल आले की मागे पडतात. एका सल्ल्यापासून मात्र सावध राहावे. निगेटिव्ह फिल्मवर प्रकाश थोडा जास्त झाला तर निभावते आणि कमी पडला तर सावल्यांतील तपशील जातो, म्हणून त्या पुस्तकांत ‘शंका आल्यास प्रकाश वाढवावा’ असे असते. डिजिटल सेन्सरवर उजळ भाग एकदा पूर्ण पांढरा झाला, की त्यातला तपशील परत आणता येत नाही, आणि सावल्या मात्र पुष्कळशा उचलता येतात. स्लाइड फिल्म वापरणाऱ्यांनाही उजळ भागाची हीच काळजी घ्यावी लागत असे. तेव्हा तो सल्ला आला, की आपल्या कॅमेऱ्याच्या हिस्टोग्रामची, म्हणजे चित्रात डावीकडे गडद ते उजवीकडे उजळ भाग किती आहे हे दाखवणाऱ्या आलेखाची, उजवी कड पाहावी आणि आलेख तिथे भिंतीला टेकला असेल, तर प्रकाश कमी करावा. शिवाय त्या काळी आयएसओ संपूर्ण रोलसाठी एकच ठरलेला असे, त्यामुळे ते पुस्तक अ‍ॅपर्चर आणि शटर या दोहोंचाच हिशेब मांडील. तिसरा हिशेब वाचताना आपण समासात लिहीत जावा.