आकडा ३५ च्या आत, पण चढता

प्रश्न : आईला (वय ५८) अंडाशयाचा हाय-ग्रेड सीरस (वेगाने वाढणारा प्रकार) कॅन्सर झाला होता, स्टेज ३ सी, म्हणजे पोटात पसरलेला. केमोआधी सीए-१२५ (या कॅन्सरवर लक्ष ठेवायला रक्तात मोजतात ते प्रथिन) होतं १२४०. तीन केमो, ऑपरेशन आणि पुन्हा तीन केमो झाल्यावर ते ११ वर आलं. पुढच्या दोन तपासण्यांत १९ आणि २७. रिपोर्टवर ‘नॉर्मल ३५ पर्यंत’ छापलंय. काळजी करायची का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : उपचार झालेल्या रुग्णाची तुलना ३५ शी नव्हे, तिच्याच सर्वांत खालच्या आकड्याशी करायची. आईंचा तो ११, म्हणून २७ कडे दुर्लक्ष नको. मात्र एवढ्यावरून आजार परतला असंही ठरत नाही. एकदा नॉर्मल झालेलं सीए-१२५ किमान आठवड्याच्या अंतराने दोनदा ७० किंवा त्याहून वर गेलं, तरच नुसत्या रक्तावरून आजार वाढला असं धरतात.

आधी पाहा, तिन्ही रिपोर्ट एकाच लॅबचे आहेत का? वेगवेगळ्या कंपन्यांच्या किटवर एकाच रक्ताचे आकडे वेगळे येतात. घरपोच सॅम्पल नेणारी लॅब मध्येच बदलली, की चढउतार रोगाचा की किटचा हे कळत नाही. पोटात किंवा छातीत पाणी, टीबी, हृदय-यकृताचे आजार, नुकतंच झालेलं ऑपरेशन, यांनीही सीए-१२५ चढतं. तीन-चार आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये पुन्हा तपासा. आणखी चढलं, किंवा पोट फुगणं, लवकर पोट भरणं असा त्रास असेल, तर सीटी स्कॅन.

आकडा चढला म्हणून लगेच केमो मागू नका. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या मोठ्या चाचणीत, फक्त सीए-१२५ वाढल्यावर केमो सुरू केलेल्या बायका त्रास होईपर्यंत थांबलेल्यांपेक्षा जास्त जगल्या नाहीत, केमोचा त्रास तेवढा आधी सुरू झाला. तरी स्कॅन टाळायचा असा अर्थ नाही. शेवटच्या प्लॅटिनम केमोला (कार्बोप्लॅटिनसारख्या औषधाची केमो) सहा महिने उलटलेले असतील आणि गाठ पूर्ण काढता येण्याजोगी असेल, तर निवडक रुग्णांना दुसऱ्या ऑपरेशनचा फायदा होतो.

पुढचा अंदाज सुरुवातीच्या १२४० वरून बांधू नका. केमोच्या पहिल्या १०० दिवसांत आकडा किती वेगाने उतरला, ते जास्त सांगतं. किमान तीन आकडे तारखांसह असतील तर या वेगाचं ‘केलिम’ नावाचं गणित मांडता येतं. उत्तर १ किंवा जास्त आलं तर केमोला प्रतिसाद चांगला. फाइलमधून त्या तारखा काढून डॉक्टरांना द्या. ऑपरेशनमध्ये गाठ डोळ्यांना दिसेल इतकी मागे राहिली का आणि बीआरसीए (या कॅन्सरशी संबंधित जनुकं) तपासणी झाली का, हेही विचारा. आमच्या मते या दोन उत्तरांचं वजन २७ या आकड्यापेक्षा जास्त आहे.

प्रश्न : पॅकेज तपासणीत माझं सीए-१२५ ६२ आलं. वय ३९, त्रास काही नाही.

उत्तर : पाळीच्या दिवसांत, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाचं अस्तर बाहेर वाढणं) किंवा फायब्रॉइड (गर्भाशयातली साधी गाठ) असताना एवढं येऊ शकतं. पाळी संपल्यावर पुन्हा करा आणि योनीमार्गे सोनोग्राफी करून घ्या. पॅकेजमध्ये ही तपासणी असायलाच नको होती.