साखर कंपनीचा जुना कर्जरोखा घ्यावा का?

प्रश्न : जुन्या कागदपत्रांच्या एका विक्रेत्याकडे ‘क्यूबा केन शुगर कॉर्पोरेशन’चा, १ जानेवारी १९३० रोजी मुदत संपलेला, सात टक्के व्याजाचा कर्जरोखा आहे. रोख्यावर तो रद्द केल्याची खूण नाही. त्यामुळे व्याजासह रक्कम आजही वसूल होईल, असे सांगून तो चढी किंमत मागतो. संग्रहासाठी हा रोखा घ्यावा का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : संग्रहासाठी जरूर घ्यावा, पण वसुलीच्या आशेने एक रुपयाही जास्त मोजू नये. मॅन्युएल रिओंदा यांनी १९१५ साली न्यूयॉर्कच्या भांडवलावर ही कंपनी उभारली आणि क्युबातील चालू कारखाने विकत घेऊन ती वाढवली. मे १९२० मध्ये कच्च्या साखरेचा भाव पौंडाला साडेबावीस सेंटांवर चढला आणि वर्षअखेरीस चार सेंटांखाली कोसळला; त्या तडाख्यातून कंपनी पुरती सावरली नाही आणि रोख्यांची मुदत भरण्याच्या सुमारास तिची पुनर्रचना करावी लागली. पुढे १९६० मध्ये क्युबाच्या सरकारने अमेरिकी मालकीचे साखर कारखानेच ताब्यात घेतले. तेव्हा आता देणेकरी शोधायचा कुठे? असे निकामी रोखे ‘जिवंत’ म्हणून गळ्यात मारण्याचे प्रकार अमेरिकेत इतके झाले, की तिथल्या रोखे नियामकाला लोकांना सावध करावे लागले. विक्रेत्याचा दावा याच जातकुळीतला दिसतो.

किंमत ठरते ती नक्षी, सही, दुर्मीळता आणि कागदाची अवस्था यांवर. रद्द केल्याची भोके चित्रावर वा सहीवर पडलेली नसतील, तर त्यांनी फारसे बिघडत नाही. त्या काळी असे रोखे बहुधा कोरीव पत्र्यावरून छापत. त्यामुळे किनारीच्या नक्षीवरून हलकेच बोट फिरवले की शाईचा उंचवटा जाणवतो आणि भिंगाखाली रेषा सलग दिसतात. त्याऐवजी बारीक ठिपके दिसले, तर ती नक्कल समजावी.

घरी आणल्यावर लॅमिनेशन मुळीच करू नये आणि फाटलेल्या घडीला चिकटपट्टीही लावू नये. आम्लविरहित कागदाचा आधार देऊन तो पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात सपाट ठेवावा, आणि ठाण्यातल्या पावसाळ्यात कसर लागली नाही ना, हे अधूनमधून पाहावे.